तेहतीसचा ग्रुप

"तेहतीसचा ग्रुप आहे हा," निखाडे फोनवर म्हणाला,
"तेहतीसच्या खाली येत नाही.
अन् कोणी थांबत नाही बरं का मॅडम,
आधीच सांगून ठेवतो."
मी हो म्हटलं.
वय त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पाच पन्नास. काटोल नाका.
डिसेंबर असा की ब्रेक बोटांना चावतो.
सतरा जण, सतरा लाल दिवे,
बुटांखालच्या क्लिपा डांबरावर टकटक,
जशा बकऱ्या निघाल्या बाजाराला.
माझी सायकल धरमपेठेतल्या एका मुलाची,
जो बंगळुरूला गेला तो गेलाच.
सीटच्या दांडीवर त्याच्या उंचीची खूण अजून आहे,
मी तिच्याखाली चार बोटं.
कोणीतरी माझं टायर दाबून पाहिलं,
संत्रं दाबतात तसं,
"हवा जास्त झाली ताई,"
आणि निघाले.

गोरेवाड्यापर्यंत बोलणं होतं,
कोणाच्या गुडघ्याचं, कोणाच्या मुलीच्या नीटच्या मार्कांचं.
मग नाही.
मग नुसत्या साखळ्या,
रात्रपाळीतल्या शिवणयंत्रांसारख्या,
आणि माझ्यापुढे वीतभर अंतरावर
डॉक्टर टेंभुर्णेंचं मागचं चाक.
टेंभुर्णे लोकांना भूल देतात.
हेही तसंच:
चाकाकडे पाहत राहा, उलटे आकडे मोजा.
वारा कुठे गेला, कळलंच नाही.

त्यांचा हात खाली आला, बोट डांबराकडे.
मला वाटलं, काही पडलं त्यांचं.
धाड!
दातांवर दात. मागून एक शिवी,
खड्ड्याला की मला, माहीत नाही.
"दाखवा न ताई! मागचे मरतीन न!"

पुढच्याला रस्ता दिसतो,
बाकीच्यांना फक्त पाठी.
बोट खाली, खड्डा.
तळहात फडफडला, गिट्टी.
कमरेमागून हात वळला, ट्रक उभा आहे, सरका.
एका हातातून दुसऱ्या हातात खबर मागे जाते
आणि शेवटच्याच्या मागे रस्त्यावर सांडते.
मीही दाखवू लागले.
एक गतिरोधक. एक मेलेलं कुत्रं.
फेटरीनंतर काचा.

मग टेंभुर्णेंचं कोपर हललं: आता तुम्ही.
आणि वारा.
सगळाच्या सगळा, जो इतका वेळ
दुसऱ्यांच्या छातीवर फुटत होता.
साठ पेडल मोजले.
एकसष्टाव्याला मांडी विझली.
ते उजवीकडून गेले एकेक करून,
निखाडे तर "मस्त, मस्त" म्हणाला.
शेवटचं चाक हातभर लांब,
मग बैलगाडीभर,
मग येरल्याच्या अलीकडे एक लाल ठिपका.
कोणी थांबलं नाही.
सांगितलंच होतं.

बावीस. अठरा.
पाठीमागून ऊन आलं.
बागेत कोणीतरी मोटर सुरू केली.
खड्डा दिसला आणि माझा हात
आपोआप खाली गेला.
कोणाला दाखवून राहिली बाई?

तेव्हा ऐकू आलं: मडगार्डचा खडखडाट.
निळी सायकल, शाळेतून मिळालेली,
नववीतली पोरगी, पाठीवर दप्तर,
बाह्या बोटांवर ओढलेल्या,
माझ्या चाकाला अगदी चिकटून.
"मागं मागं काऊन येतेस?"
"इथं हवा नाही लागत."
"कुठे?"
"कळमेश्वर. ट्युशन.
तुमचेवाले गेले न समोर?"
"गेले."
"मग चाला न. हळू काऊन केली?"

मी एक गियर वाढवला.
वारा घेतला.
पुलाजवळ गिट्टी पसरली होती,
तळहात फडफडवला.
मागे वळून पाहायची गरज नव्हती,
दोघींच्या सावल्या पुढेच पडल्या होत्या, लांबच लांब.
त्यातल्या एकीने हँडलवरून हात काढला
आणि आपल्या मागच्या मोकळ्या रस्त्याला
गिट्टी दाखवली.